मंडईत बसायला जागा

म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टला जायचं ठरलं की मित्रांच्या घोळक्यात पहिली चौकशी होते ती तिकिटाची, आणि पहिली फसगतही तिथेच होते, कारण त्या मेळ्याला तिकीटच नाही. थेरेझियनवीझ नावाच्या ज्या मैदानावर तो भरतो, तिथे कुणीही फुकट आत जाऊ शकतं. घोडं पेंड खातं ते पुढे. मोठ्या तंबूंमध्ये बिअर मिळते ती बसलेल्यालाच. बाकावर जागा नसेल तर खिशात कितीही युरो असोत, दोन्ही हातांत मिळून दहाएक मग धरलेली वाढपी बाई शेजारून सरळ निघून जाते. म्हणून जाणती माणसं तिथे आधी जागा धरतात आणि मग मेळा बघतात. भंडारा जिल्ह्यात दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईचंही नेमकं असंच आहे. फक्त इथली जागा बाकावर नसते, कुणाच्या तरी ओसरीवर असते. (मंडई म्हणताच पुण्याच्या वाचकापुढे वांगी-टोमॅटोचे ढीग उभे राहतील. पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीतली मंडई वेगळी. गावाचा वर्षातला एक ठरलेला दिवस, बाजार, पाहुणे, दंडार आणि खडीगंमत या लोककला, रात्रभर नाटक, हे सगळं मिळून मंडई.) या मंडईला फाटक नाही, वर्गणी नाही, बाहेरच्याला मज्जाव नाही. तरीही गावात ज्याला टेकायला घर नाही तो दोन तास फिरतो, जिलेबी खातो आणि ‘यात पाहण्यासारखं काय होतं?’ असं म्हणत परततो. सोबत्यांना घेऊन मंडईला जायचं तर काय पाहायचं याच्या आधी कुठे बसायचं ते ठरवावं. बाकीचे सगळे सल्ले त्यातूनच निघतात.

ही तुलना ओढूनताणून केलेली आहे, असा आक्षेप येणार. एकीकडे २०२३ साली अठरा दिवसांत सुमारे ७२ लाख माणसं येऊन गेलेला जगातला सर्वांत मोठा बिअर महोत्सव, दुसरीकडे लाखांदूर किंवा मोहाडी तालुक्यातलं हजार-दोन हजार वस्तीचं गाव. तिकडे लिटर-लिटरचे मग, इकडे उकडलेले शिंगाडे. पण बिअर हे त्या मेळ्याचं मूळ नाही. १२ ऑक्टोबर १८१० रोजी बव्हेरियाचा युवराज लुडविग आणि राजकन्या थेरेझे यांचं लग्न झालं आणि त्या निमित्ताने गावाबाहेरच्या कुरणावर घोड्यांची शर्यत ठेवली गेली. मैदानाला थेरेझेचं नाव मिळालं ते तेव्हापासून. पुढच्याच वर्षी, १८११ साली, शर्यतीला शेतीच्या प्रदर्शनाची जोड मिळाली. म्हणजे सुरुवातीला लग्न, मग घोडे, मग गुरंढोरं आणि पीकपाणी. बिअर या सगळ्याच्या मागून आली आणि पुढे जाऊन बसली. तिचं वेळापत्रकही शेतीनेच ठरवलेलं होतं. १५५३ सालच्या फर्मानाने बव्हेरियात २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर बनवायला मनाई होती, कारण उन्हाळ्याच्या उष्म्यात आंबवण बिघडत असे. त्यामुळे मार्चमध्ये जरा कडक बिअर बनवून ती थंड तळघरांत उन्हाळाभर ठेवायची आणि नवी बार्ली घरात आली की जुनी पिंपं रिकामी करून नव्या हंगामाला लागायचं, असा रिवाज पडला. मार्चची म्हणून ती ‘मेर्झेन’. नवं पीक आलं, जुना साठा संपवायचा आहे आणि दोन कामांच्या मध्ये थोडी सवड आहे, हे तिन्ही जुळून आलं की शेतकरी समाजात मेळा भरतो. मेळ्याचं नाव ऑक्टोबरचं असलं तरी तो सुरू होतो सप्टेंबरात, हेही जाता जाता सांगून ठेवतो, कारण नावावर भिस्त ठेवून ऑक्टोबरच्या मध्यावर सुट्टी काढणाऱ्यांना रिकामं मैदान बघायला मिळतं.

आता वैनगंगेच्या खोऱ्यात या. मालगुजारी तलावांच्या आणि धानाच्या या जिल्ह्यात पावसाळ्याच्या तोंडाशी रोपांसाठी पऱ्हे टाकले जातात, चिखल झाला की रोवणी होते आणि मग पाऊस, कीड, तलावाचं पाणी यांच्याकडे डोळे लावून तीनेक महिने जातात. दिवाळीच्या सुमारास हलका धान कापणीला येतो. भारी धान अजून बांधीत उभा असतो, त्याला पुढे बरेच दिवस लागतात. कापलेल्या धानाच्या कडपा बांधीतच वाळतात, मग भारे बांधून पुंजणे रचले जातात आणि चुरणी, म्हणजे मळणी, सवडीने होते. पुंजणे रचले की धान सुरक्षित, आणि माणूस मोकळा. मंडईचा हंगाम या फटीत बसवलेला आहे. पाडव्याला गायगोधन होतं, गोवारी मंडळी मोरपिसांनी सजवलेली ढाल नाचवतात, भाऊबीज होते आणि तिथून पुढे आज या गावची, उद्या त्या गावची अशी मंडयांची माळ लागते. आता कापणीला हार्वेस्टर आणि मळणीला यंत्र आलं असलं तरी दिवस बदललेले नाहीत. सीमेपलीकडे बालाघाटात आणि छत्तीसगडात ‘मडई’ भरते तीही बऱ्याच ठिकाणी याच धानाच्या वेळापत्रकावर. यातून जाणाऱ्याला दोन गोष्टी कळायला हव्यात. एक, मंडईची तारीख कुठल्या सरकारी कॅलेंडरात शोधू नये. ती गावाची असते आणि गावाकडूनच कळते, किंवा चौकातल्या नाटकाच्या फलकावरून. दुसरी, दिवाळीच्या आसपास अवकाळी पाऊस पडून कडपा भिजल्या असतील तर त्या वर्षीची मंडई भरते, पण उतरलेल्या चेहऱ्याने भरते. अशा वेळी यजमानाला पहिला प्रश्न पिकाचा करू नये. तो स्वतःहून बोलेल तेव्हा ऐकून घ्यावं.

ओसरीचं एवढं महत्त्व का, हे समजायला मंडई कुणासाठी भरते ते पाहावं लागतं. भाऊबीजेला लेकी माहेरी आलेल्या असतात. मंडई दोन-चार दिवसांवर असेल तर त्या थांबतात, जावई मागून येतात, मामा-मावश्या येतात. आसपासच्या गावांनी आपापले दिवस मागेपुढे ठेवलेले असतात ते यासाठीच, की आज मी तुमच्याकडे, परवा तुम्ही माझ्याकडे. उपवर मुलामुलींचा विषय इथेच निघतो आणि कितीतरी सोयरिकींचं पहिलं बोलणं बाजारातून परतल्यावर चहाच्या कपावर झालेलं असतं. थोडक्यात, बाजार आणि नाटक हा मंडईचा बाहेरून दिसणारा भाग झाला, तिचं खरं काम घराघरांत चालतं. म्युनिकमध्ये जे काम आठ-दहा जणांचं लांबलचक टेबल करतं, अनोळखी माणसांना खांद्याला खांदा लावून बसवण्याचं, ते इथे घर करतं. आणि टेबलाला जशी मर्यादा असते तशी घरालाही असते. वीस जणांचा जथा तिकडे एका बाकावर मावत नाही आणि इकडे एका पंगतीत. वीस जण एकत्र गेले की ते आपापसातच बोलतात, आपलेच विनोद करतात, आपलेच फोटो काढतात. मेळा त्यांच्या मागचा पडदा होतो. चार जण, फार तर पाच, हा आकडा मला बरोबर वाटतो. चार जण गेले की यजमानाला ते पाहुणे वाटतात आणि पाहुण्यांनाही यजमानाशी बोलण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला असा, की ज्याचं भंडाऱ्यात कुणीच नाही त्याने काय करायचं? म्युनिकचा नियम इथे उपयोगी पडतो. तिथे टेबल आधी राखून ठेवता येतं. राखणावळ अशी नसते, पण जेवण-बिअरची कुपनं आगाऊ घ्यावी लागतात. तरीही तंबूतल्या काही जागा न राखता सगळ्यांसाठी मोकळ्या ठेवाव्यात, असं शहराचं बंधन आहे आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी लवकर गेलेल्याला त्या मिळतात. मंडईतही मोकळ्या जागा आहेत. नागपुरात किंवा पुण्यात सोबत काम करणाऱ्यांत साकोली-पवनीकडचा कुणीतरी निघतोच, त्याला नुसतं ‘तुमच्याकडची मंडई केव्हा असते?’ एवढं विचारून बघावं. पुढचं आमंत्रण तोच देतो आणि ते तोंडदेखलं नसतं. तेही नसेल तर दुपारी लवकर पोचून एकाच टपरीवर, एकाच शिंगाडेवाल्याजवळ रेंगाळावं. ‘कोठले जी तुम्ही?’ हा प्रश्न तासाभरात येतो.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. पाहुणचाराचा खर्च शेतकऱ्याच्या डोक्यावर का टाकायचा? २०२४ साली ऑक्टोबरफेस्टमध्ये एका लिटरचा मग १५ युरोंच्या घरात होता, म्हणजे तेव्हाच्या दराने जवळपास चौदाशे रुपये. त्याच हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २३०० रुपये होता. म्हणजे तिथला एक मग म्हणजे इथलं जवळपास ६० किलो धान. शिवाय मंडईच्या दिवसांत धान घरात असतं, पैसा नसतो. खरेदी केंद्र उघडणं, काटा होणं आणि चुकारे खात्यात पडणं यात आठवडे जातात. तेव्हा फुकटची पंगत म्हणून मंडईकडे बघणं अगदीच वाईट. पण म्हणून यजमानाच्या हातात नोटा ठेवणं त्याहून वाईट, त्याने पाहुण्याचं गिऱ्हाईक होतं. मधला रस्ता गावानेच घालून दिलेला आहे. हातात काहीतरी घेऊन जावं, मुलांसाठी खाऊ, घरासाठी फळं. बाजारातून परतताना शेव-जिलेबीचा पुडा आणून घरात द्यावा. आणि कधीतरी आपल्या घरी त्यांना खरोखर बोलवावं. मंडईचा हिशेब असाच, उलटपालट येण्याजाण्याने मिटतो. एका बाजूने मिटला नाही तर पुढच्या वर्षी ‘या ना जी’ जरा हळू आवाजात येतं.

दिवस कसा घालवायचा याला फार सल्ला लागत नाही. बाजार दुपारी भरतो आणि ऊन कलतं तसा दाटतो. पाळणे, बांगड्या, खेळणी, भजी, आलुबोंडे, मुरमुरे आणि तलावातले शिंगाडे. शिंगाडे जरूर घ्यावेत, कारण ते ढिवरांनी याच तलावांमधून काढलेले असतात आणि त्यांचा हंगाम म्हणजे हेच दिवस. पण बाजारात फार वेळ न रेंगाळता जिकडून ढोलकी ऐकू येईल तिकडे जावं. खडीगंमत नावाप्रमाणे उभ्याने चालते. शाहीर, त्याचे साथीदार, बाईच्या वेशातला नाच्या, गण-गवळणीपासून सुरुवात आणि मग चालू घडामोडींपर्यंत कुठेही धाव. फलकावर ‘दुय्यम’ असं लिहिलेलं असेल तर बाहेरचा माणूस कमअस्सल समजून निघून जाईल. अर्थ उलट आहे. दोन शाहिरांचे दोन संच समोरासमोर येणार, एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातून उत्तर द्यायचं. विनोद झाडीबोलीत असतात आणि अर्धे सुटतात. सुटू द्यावेत, किंवा शेजारच्या म्हाताऱ्याला विचारावं. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा आणि इथल्या लोककलांचा अभ्यास हे आयुष्याचं काम मानलं. ज्या भाषेला अनेकांनी गावंढळ म्हणून हसण्यावारी नेलं तिचं साहित्य मंडळ आणि संमेलनं उभी राहिली. त्यामुळे त्या बोलीची नक्कल करून यजमानांना हसवायचा मोह चौघांपैकी कुणाला झालाच, तर उरलेल्या तिघांनी आवरावं.

मंडईतली रात्र नाटकाची असते, आणि तिथे म्युनिकशी असलेलं साम्य संपतं. तिथले तंबू रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास आवरायला लागतात; झाडीपट्टीत तेव्हा पडदा वर जातो. हे नाटक पहाटेपर्यंत चालतं. त्यात संसाराची कहाणी, रडारड, विनोदी पात्रं, गाणी, नाच आणि टाळ्या-शिट्ट्यांनी घेतलेले वन्समोअर असतात. हौशी गावमंडळांपासून सुरू झालेल्या या रंगभूमीच्या व्यावसायिक कंपन्यांची कार्यालयं आज शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा गावी आहेत आणि हंगामात तिथून गाड्या रोज वेगळ्या गावाकडे निघतात. त्या रंगभूमीवरचे जुने कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. शहरी प्रेक्षकाला या नाटकाची लांबी खुपते. पण लांबीला एक साधं कारण आहे. दहा-वीस किलोमीटरवरून बैलबंडीने आलेला माणूस नाटक मध्यरात्री संपलं तर जंगलातून परत कसा जाणार? उजाडेपर्यंत खेळ चालवणं हीच मुक्कामाची सोय होती. आज बंडीच्या जागी मोटारसायकल आली, पण कोका किंवा नागझिऱ्याच्या बाजूच्या रस्त्यांवर रात्री रानडुक्कर आडवं येतं ते येतंच. म्हणून मध्येच उठून गाडी काढू नये. नाटकाला मात्र तिकीट असतं, खुर्चीचं वेगळं आणि खाली बसायचं वेगळं, आणि इथेही जागा धरण्याचा मुद्दा पुन्हा येतोच. घरच्या बायका आणि मुलं सतरंजी घेऊन आधी जाऊन बसतात. त्यांच्यासोबत खाली बसलेल्याला नाटक अर्धं रंगमंचावर आणि अर्धं आजूबाजूला दिसतं. नोव्हेंबर-डिसेंबरात पहाटे बांधीवरून येणारी थंडी हाडात शिरते. स्वेटर नसेल तर निदान शाल तरी हवी. म्युनिकच्या मैदानात तीन लिटरपेक्षा मोठी पिशवी नेऊ देत नाहीत, इथे चादर आणि उशी आणलेली चालते.

आता दारूबद्दल, कारण बिअरच्या मेळ्यापासून सुरुवात करून ती टाळणं बरं दिसणार नाही. मंडईत दारू नसते असं म्हणणं खोटं ठरेल. बाजाराच्या कडेला, अंधाराच्या बाजूला ती असते. मार्च-एप्रिलात मोह पडतो, फुलं वाळवून ठेवली जातात आणि गोंडांच्या देवकार्यात मोहाच्या दारूला मान आहे. बव्हेरियात हंगामातली शेवटची बिअर मार्चमध्ये बनायची, इथे मार्चमध्ये मोह वेचला जातो; दोन्हीकडे ठेवणीतली चीज पीक आल्यावर बाहेर निघते. मग मंडईचा मोहाचा महोत्सव का नाही झाला? कायद्याने, हे एक उत्तर. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याविना दारू गाळणं-विकणं हा गुन्हा आहे. पण त्याहून खरं उत्तर असं, की मंडईत बायका-मुलं पहाटेपर्यंत मांडी घालून बसतात. ज्या मेळ्याची निम्मी गर्दी माहेरवाशिणींची आहे, तिथे दारूला मधोमध टेबल मिळत नाही. हातभट्टीत काय मिसळलंय ते पिणाऱ्याला कळत नाही, तेव्हा आलेल्या मित्रांनी तिच्या वाटेला जाऊ नये. यजमानाकडे ‘काही सोय आहे का?’ असं डोळा मिचकावत विचारणं तर टाळावंच. ज्या गावातल्या बायकांनी बाटली आडवी करायला मतदान केलं असेल तिथे असा प्रश्न यजमानाला चार घरांत मान खाली घालायला लावतो.

शेवटचा आक्षेप गावातल्याच लोकांचा असतो: आता कसली जी मंडई राहिली? डीजे आले, नाटकाच्या जागी ‘डान्स हंगामा’ आला, पोरं मोबाइलवर असतात. तक्रार खोटी नाही. काही ठिकाणी या नाचांनी सभ्यतेची मर्यादा ओलांडली आणि पोलिसांना लक्ष घालावं लागलं. पण मेळे बिघडतात तसे त्यांना वळणही लावता येतं. ऑक्टोबरफेस्ट नुसता पिऊन नाचण्याचा गोंगाट होत चालला तेव्हा २००५ साली म्युनिकने ठरवलं की संध्याकाळी सहापर्यंत तंबूंमध्ये फक्त हळू आवाजातलं पारंपरिक वादन चालेल, म्हणजे म्हातारी माणसं आणि मुलंबाळं असलेली कुटुंबं टिकतील. त्या एका नियमाने दुपार कुटुंबांना परत मिळाली. मंडईत अशी सत्ता कुठल्या महापालिकेकडे नाही, ती गावाच्या समितीकडे आहे, आणि समिती बघते की गर्दी कशाला जमते. बाहेरून आलेले चौघे दुपारी खडीगंमतीसमोर दोन तास उभे राहिले आणि शाहिराला बक्षिसाची नोट देऊन आले, तर पुढच्या वर्षी कुणाला बोलवायचं या चर्चेत ती गोष्ट निघते. शंभराची नोटही चालते. शाहीर नाव विचारतो आणि गाणं थांबवून गावासकट पुकारतो, तेवढी तयारी ठेवावी.

सकाळी नाटक संपल्यावर लगेच निघायचं नसतं. डोळे चुरचुरत असतात, घरात चहा होतो, रात्रीच्या नाटकातल्या खलनायकाला शिव्या घालून होतात. नागपूरकडे जाणाऱ्याला महामार्गावर लाखनी-साकोलीहून एसटी मिळते, रेल्वेने जायचं तर वरठीचं भंडारा रोड स्टेशन किंवा तुमसर रोड. पिशवीत उरलेले शिंगाडे असतात आणि यजमानीणबाईंनी न विचारता बांधून दिलेली करंजी. आणि दारात उभ्या राहून त्या सांगत असतात की परवा त्यांच्या माहेरची मंडई आहे, तिथले नाटकवाले यांच्यापेक्षा चांगले आहेत.